बोटभर वहिनीची साडी

वहिनी, सकाळी पल्लवीचा पुन्हा फोन आला. उद्या पोळ्याच्या करीच्या दिवशी ती सासरहून, मेहकरहून येणार आहे आणि जाताना तुझी बाहुली घेऊन जाणार आहे. "काका, रंग वाळला काय आता तरी?" असं विचारलं तुझ्या लेकीनं. मी म्हटलं, वाळून राह्यला. तुला ठाऊक आहे, आपला रंग चहा गार व्हायच्या आत वाळतो. पल्लवीलाही ठाऊक आहे, कारण रंगाची पहिली डबी तिनंच पुण्याहून आणली होती. तुझ्या तेरवीपासून मी तिला हा रंग वाळवून दाखवतोय आणि ती बिचारी वाळू देतेय.

मला ती बाहुली द्यायची नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे आपलं भांडण सरळ चालेल.

आज पोळा आहे. मागच्या गल्लीतल्यांचे बैल धुऊन झाले, शिंगांना रंग लागले, आणि आता एकेक जोडी आपल्या दारावरून जाते आहे. पाठीवरच्या झुली कोणी शिवलेल्या, हे सांगायला नको. लाल झूल, हिरव्या काठाची, आरशांची. दारातून उठून पाहतो, परत येऊन बसतो, दोन ओळी लिहितो, परत उठतो. झेरॉक्सचं दुकान आज बंद आहे. काल उघडं होतं तर काय उजेड पाडला? एका बाईनं आधार कार्डाच्या दोन्ही बाजू मागितल्या, मी एकच बाजू दोनदा काढून दिली. ती म्हणाली, भाऊ, पत्ता कुठं गेला? मी म्हटलं, मागच्या बाजूला असेल. मग मीच हसलो, पण हसू काही टिकलं नाही. शटर ओढून घरी आलो, टेबलाशी बसलो, ब्रश भिजवला, पुसला, ठेवला. दादा पलंगावरून म्हणाला, "बस ना बे एका जागी. मले गरगरून राह्यलं तुले पाहून."

बसवत नाही, वहिनी. हातांचं काय करू हेच कळत नाही.

लग्न होऊन आलीस तेव्हा मी शाळेत होतो, आणि "तुम्ही" म्हटलं की तू ओ द्यायची नाहीस. म्हणून आजही तू. इतकी वर्षं एका घरात काढली, पण आपण एका टेबलाशी बसायला लागलो ते उशिरा, पल्लवी पुण्याला शिकायला गेली त्यानंतर. सुट्टीत येताना तिनं तो खोका आणला होता. टेबलावर मांडून खेळायचा लढाईचा खेळ, आणि त्यात करड्या प्लॅस्टिकचे शिपाई, घोडेस्वार, एक पंखवाला राक्षस. एकेक पुतळा बोटाच्या दोन पेरांएवढा. तिच्या मैत्रिणी म्हणे ते रंगवतात. पल्लवीनं दोन रंगवले, कंटाळली आणि खोका ठेवून निघून गेली. मी दुकानात रिकामा असलो की वहीच्या कव्हरावर चित्रं काढायचो, तेवढंच माझं भांडवल. एक शिपाई उचलला आणि रंगवला. मग दुसरा. ढालीवरची खिळ्यांची डोकीसुद्धा मी रंगवली. तुला दाखवायला आणलं तेव्हा तू कुणाच्या तरी शाळेच्या गॅदरिंगचं वांगं शिवत होतीस, जांभळ्या कापडाचं, आत फोम भरून. तू शिपायाला डोळ्यांजवळ धरलंस, उलटंपालटं केलंस आणि म्हणालीस, "येच्या अंगात लोखंडच हाय नुस्तं. थंडी नाई वाजत काय येले?"

दुसऱ्या दिवशी त्याच्या खांद्यावर घोंगडी होती. खरी, काळ्या लोकरीची, पुढं गाठ मारलेली. परदेशातला तो वीर एका रात्रीत आपल्याकडचा मेंढपाळ झाला. पल्लवीनं फोटो मैत्रिणींना पाठवला आणि त्या दिवसभर हसत होत्या म्हणे. मला मात्र राग आला होता. त्या शिपायाच्या पाठीवर मी गंजाचे डाग दिले होते, पातळ तपकिरी पाणी फिरवून, आणि तू ते सगळं झाकून टाकलंस. तिथून आपलं जे सुरू झालं ते संपलं नाही.

प्लॅस्टिकचे शिपाई संपले तेव्हा आपण माणसं करायला लागलो. आधी तारेचा सांगाडा, त्यावर नळ गळायला लागला की लावतात ती दोन रंगांची लांबी, जी मळून घेतली की घटकाभरानं दगड होते. आता माप थोडं वाढवून, बोटभर उंच. आणि माणसं तरी कोणती करणार? दिसत होती तीच. आपली गल्ली. कोपऱ्यावरचा पिठाच्या गिरणीवाला, पांढऱ्या भुवयांचा. दूधवाला, एक पाय जमिनीवर टेकून. ओट्यावर रेडिओ कानाशी धरून बसलेला निंबाजी आजा. दादा, पेपरमागं, फक्त टक्कल दिसणारा. आणि दारात शिलाई मशीन घेऊन बसलेली तू. भाद्रपदात महालक्ष्म्या बसल्या की त्यांच्यापुढं पाटावर ही सगळी गल्ली मांडायची, आणि जेवायला आलेली गल्ली स्वतःला शोधायची. "मी एवढी काळी हाओ काय वं?" असं गिरणीवाल्याची बायको म्हणाली होती आणि तू तिला म्हणालीस, "सावलीत बसवलं तुले, म्हनून." ती खूश झाली. मी मात्र तो रंग तीनदा मिसळून आणला होता आणि तो अगदी बरोबर होता.

(इथं उठलो होतो. बैलांची पुढची जोडी आली. त्यातला डावा गोऱ्हा होता तेव्हा तू त्याची झूल शिवली होतीस. आता तो पुरा बैल झालाय तरी झूल त्याला बरोबर बसली. त्याच्या मालकानं दारात थांबून मला बोलावलं आणि झुलीची कड उलटून दाखवली. आतली शिलाई उसवून दोन बोटं कापड बाहेर काढलं होतं त्यानं. "वयनीनं पह्यलेच सोडून ठेवलं होतं," म्हणाला. पुरणपोळीचा घास बैलाच्या तोंडात जाताना मी पाहिला आणि आत आलो.)

तर ती तुझी खोड. तू जन्मभर लेकरांचेच कपडे शिवलेस, जानेवारीत सिंदखेडराजाला जाणाऱ्या मुलींच्या नऊवाऱ्या, गॅदरिंगचे पोस्टमन आणि कपाशीची बोंडं, आणि प्रत्येक शिलाईत आत कापड सोडलंस. यंदाचा पोस्टमन पुढच्या वर्षी उंच होणार, किंवा त्याचा खाकी सदरा दुसऱ्या कुणाला जाणार. लेकरांच्या बाबतीत ठीक होतं. पण तू बोटभर माणसांनाही तसंच शिवायला लागलीस! लांबीची माणसं, दगड झालेली, त्यांना तू बगलेत आणि कमरेत कापड सोडायचीस. गिरणीवाला त्या सदऱ्यात असा फुगला की आठवा महिना लागल्यासारखा दिसायला लागला. मी डोक्याला हात लावला होता.

"वहिनी, हा काय वाढनार हाय काय?"

"राहू दे ना. सोडलेलं कापड काई खाते काय तुले?"

"खाते! माप खाते. माणूस लहान होते वहिनी, कापड नाई होत लहान. धागा तेवढाच जाड राह्यते. म्हणून या मापात कपडे रंगवायचे असतात, शिवायचे नसतात."

"रंगाची बाही वर सरकवता येते काय? घाम आला माणसाले तं?"

लांबीच्या माणसाला घाम. मी तुला रंगवलेल्या निऱ्या दाखवायचो, घडीच्या आत गडद, कडेला फिका, वर पांढऱ्याची केसासारखी रेघ, आणि तू म्हणायचीस, "छान हाय. थंडगार हाय." मग आपला तह झाला: चेहरे, हात, पाय, मशीन, सायकल, गिरणीचा पट्टा माझा, अंगावरचं सगळं तुझं. डोळे मी काढायचे, पण तुझ्या सुईच्या टोकानं, कारण माझा शून्य नंबरचा ब्रशही त्या कामाला जाड पडायचा. ती सुई मी परत केली नाही कधी. आताही ती माझ्या ब्रशांच्या डब्यात आहे, टोकाला काळा रंग सुकलेला.

आता नियमाचं. तो तू केलास आणि मी कधी मान्य केला नाही, हे इथं नोंदवून ठेव.

निंबाजी आजा गेला त्या वर्षी त्याची बाहुली मी मांडली होती. का नाही मांडायची? ओटा त्याचा, रेडिओ त्याचा. त्याची सून सुनंदा महालक्ष्म्यांच्या जेवणाला आली, हळदीकुंकू झालं, आणि तिची नजर पाटावर गेली. ती काही रडली नाही मोठ्यानं. तिथंच खाली बसली आणि बोट पुढं करून रेडिओला लावलं, आवाज कमी करतात तसं. घरात रोज हाच वाद असायचा ना त्यांचा, आवाज कमी करा म्हणून. तू आंबील वाढत होतीस. पातेलं खाली ठेवलंस, आलीस, आज्याला ओट्यावरून उचललंस, पदराच्या टोकानं पुसलंस आणि सुनंदाच्या ओटीत घातलंस. "घेऊन जाय बाई. तुमचा मानूस हाय."

मी सगळ्यांसमोर काही बोललो नाही. पंगत उठल्यावर बोललो. पाटावरचा ओटा रिकामा दिसत होता आणि मला ते सहन होत नव्हतं. म्हटलं, अशानं एक दिवस गल्ली ओस पडेल. जो गेला त्याला उचलून द्यायचं, तर करायचं तरी कशाला? तू भांडी आवरत होतीस, माझ्याकडे पाहिलंही नाहीस. "ओस पडन तं पडू दे. गल्ली लोकाईची हाय, दिनूभाऊ. आपण फक्त मांडतो."

त्यानंतर जो गेला त्याची बाहुली गेली. दूधवाला गेला, सायकलसकट. मी दरवेळी भांडलो आणि दरवेळी हरलो. तू म्हणायचीस रागावू नको, नवा मानूस कर. मी करायचो. निंबाजी आज्याच्या ओट्यावर आता सुनंदाची पोरगी मोबाइल घेऊन बसलेली आहे, तिचा फ्रॉक तुझा. पण तो ओटा मला आजही रिकामाच दिसतो.

आणि आता तूच.

आज फोनवर मी पल्लवीला वकिलासारखं समजावलं. तेरवीपासून मनात घोळवून ठेवला होता हा मुद्दा. म्हटलं, पल्लवी, तुझ्या आईचा नियम काय? गेलेल्या माणसाची बाहुली त्याच्या घरी जाते. बरोबर? मग आईचं घर कोणतं? हेच. म्हणजे बाहुली घरीच आहे. नियम पाळूनच आहे. मला वाटलं जिंकलो. आयुष्यात पहिल्यांदा तुझ्याशी जिंकलो, तेही तुझ्या लेकीकडून.

मग ती म्हणाली, "काका, आईनं बाहुली घरी नव्हती देल्ली. सुनंदाकाकूच्या ओटीत देल्ली होती. रडनाऱ्याच्या हातात."

"मंग मी काय हासून राह्यलो काय?" मी ओरडलो. खरंच ओरडलो, वहिनी. दादा उठून बसला.

पल्लवी तिकडे रडत होती, इकडे मी. रडता रडताच म्हणाली, "तुमच्यापाशी अख्खी गल्ली हाय, काका. माह्यापाशी काई नाई. तिचं पातळ नेसते, पन धुऊन धुऊन त्यात तिच्या वासाचं आता काहीच राह्यलं नाई. आमच्या इथं महालक्ष्म्या बसतीन. तिथं ठेवीन मी तिले. यंदा आपल्या घरी तं बसनारच नाईत."

बसणार नाहीतच. सुतकाचं वर्ष. खोकी माळ्यावरच राहतील. मी तिला म्हटलं, ये उद्या. आणि फोन ठेवला. हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. तेव्हापासून ही येरझार.

बाहुली समोर आहे. स्टुलावर बसलेली, मान किंचित डावीकडे, एक हात मशीनच्या चाकावर टेकल्यासारखा पुढं. जाड आहे. शेवटच्या महिन्यांत तू मला काय म्हणाली होतीस आठवतं? उन्हात खुर्ची टाकून बसली होतीस आणि मांडीवर तुझेच ब्लाउज घेऊन आत घेत होतीस. कापत नव्हतीस, नुसतं आत दाबून टाके घालत होतीस. मी विचारलं, कापून टाक ना, कशाला एवढं ओझं शिवणीत? तर म्हणालीस, "लागते मंग." आणि लगेच म्हणालीस, "माही बाहुली आता खोटी झाली, दिनूभाऊ. एवढी जाड मी राह्यली काय? घासून काढ जराशी. पॉलिश पेपर हाय ना तुह्यापाशी."

मी म्हटलं, नाही काढत. ब्लाउजात कापड राखून ठेवतेस आणि मला घासायला सांगतेस? आधी तू कापून दाखव. तू हसलीस. खोकला आला, पाणी दिलं. तो वाद तिथंच राहिला. मी घासली नाही आणि आजही घासणार नाही. ब्लाउज तूही कापले नाहीस. म्हणजे आपण दोघंही एकाच बाजूला होतो, आणि हे आपल्यातलं कुणीच तोंडानं बोललं नाही. मला तेव्हा बोलायला हवं होतं असं काही नाही. तुला कळलं होतंच. पण आता घरभर फिरताना ते वाक्य तोंडात येतं आणि द्यायला कुणी नाही.

तुझ्या बाहुलीकडं पाहता पाहता आज एक गोष्ट दिसली. दिसायची रोजच, पण आज टोचली. अख्ख्या गल्लीत एकट्या तुझ्याच अंगावर कापड नाही. तुझी साडी मी रंगवलेली आहे. सुरुवातीला घाई होती म्हणून रंगवली, तू म्हणालीस नंतर शिवीन, आणि मग दरवर्षी "माहं कधी शिवू? लोकाईचं तं होऊ दे." गिरणीवाल्याला तीन सदरे झाले, दादाला हिवाळ्याचा मफलर झाला, आणि तू तशीच माझ्या रंगात बसलीस, थंडगार. साडी मात्र सुरेख रंगवली होती मी. जांभळी, बारीक पांढऱ्या ठिपक्यांची, तू घरी नेसायचीस तीच. एकेक ठिपका तुझ्याच सुईनं दिलेला. तुला ती आवडायची, हेही मला माहीत आहे, कारण येणाऱ्या प्रत्येकीला तू आधी तीच दाखवायचीस.

ही अशी उघडी पाठवू तुला मेहकरला? सासरच्या लोकांपुढं?

म्हणजे पाठवायचं ठरलं होतं तर. माझ्याआधी माझ्या तोंडानं ठरवलं.

दादाला म्हटलं, वहिनीचं एखादं कापड आहे का? तुझ्या साड्या वाटून झाल्या होत्या, रीतीप्रमाणे, मला माहीत होतं. दादा तुला माहीतच आहे. इतकी वर्षं आपण दोघं टेबलाशी भांडलो आणि तो पेपरमागून फक्त म्हणायचा, "खेळा, खेळा." तो उठला, त्याच्या उशीच्या खोळीत हात घातला आणि तीच जांभळी ठिपक्यांची साडी बाहेर काढली. घडी करून उशीत ठेवली होती त्यानं. मी पाहतच राहिलो. त्यानं साडी माझ्याकडं दिली नाही, मांडीवर उलगडली, आतल्या टोकाचा, खोचायच्या बाजूचा तुकडा शोधला. माझ्या हातांनी लगेच घाई केली, काठ धरून फाडायला गेलो.

"फाडू नोको," दादा म्हणाला. "कात्रीनं काप. तिले फाडलेलं चालत नव्हतं."

तुझी कात्री मशीनच्या खणात होती. दादानं साडी ताणून धरली आणि मी कापलं. सरळ गेलं नाही. त्यानं उरलेली साडी पुन्हा घडी करून उशीत ठेवली.

मग मी शिवायला बसलो, वहिनी. मी! सुईत दोरा ओवण्यातच अर्धी दुपार गेली. राक्षसाच्या डोळ्यात बाहुली काढणारा हा हात, आणि दोरा सुईच्या बाजूनं जातो. दादानं शेवटी सुई मागून घेतली, थुंकी लावली आणि ओवून दिली. कुठं शिकलास विचारलं तर म्हणाला, "तिचे डोळे गेले होते जवळचे. रोज मीच ओवून देत होतो." हे मला ठाऊक नव्हतं. तुम्ही दोघांनी कधी सांगितलं नाही.

तू कसं करायचीस ते आठवून केलं. आधी ब्लाउज, दोन तुकडे. मग निऱ्या वेगळ्या घालून कमरेला टाके. मग पदर. मैद्याची खळ करून त्यात बोटं बुडवून घड्या बसवायच्या म्हणजे त्या उभ्या राहत नाहीत. माझ्या उभ्या राहिल्या. धावदोरा वाकडा गेला, तुरपाईचे टाके लांबून दिसतात, बोटाला तीनचार ठिकाणी टोचलंय आणि पदरावर रक्ताचा एक ठिपका आहे, पण ठिपक्यांच्या साडीत तो खपून जाईल. मी खळ लावायच्या आधी क्षणभर थांबलो होतो, कारण खाली माझं काम होतं. त्या गडद फिक्या निऱ्या. मग झाकल्या. ती साडी आता आत आहे, कुणाला दिसणार नाही. चालेल. हिवाळ्यात दोन असलेल्या बऱ्या.

खरं सांगू? भयंकर दिसतेस. खांद्यावर बोचकं घेतल्यासारखी. या मापाला कापड जाडच दिसतं, हे मी तुला पहिल्या दिवसापासून सांगत आलोय आणि ते आजही खरं आहे. पण खळ अजून ओली असताना मी पदराचं टोक बोटानं जरासं वर केलं, मशीनवर बसताना तू खांद्यावर टाकायचीस तसं, आणि ते तिथं राहिलं. रंगानं हे झालं नसतं. हा एक मुद्दा तुझा. लिहून दिला.

आता दिवे लागले आहेत. बैल घरी गेले. खळ वाळते आहे, आणि ही मात्र खरंच वाळते आहे, पल्लवीला उद्या खोटं सांगावं लागणार नाही. तू स्टुलासकट निघतेस, मशीन पाटालाच चिकटवलेलं आहे, ते तुझ्याबरोबर येत नाही. उद्या सकाळी ते सोडवून द्यायचं मनात होतं. मग वाटलं, राहू दे. मशीन गल्लीचं आहे. पुढच्या वर्षी महालक्ष्म्या बसल्या की दारात ते मांडीन. तू म्हणशील नवा मानूस कर. करणार नाही. एवढं एक ऐकणार नाही मी तुझं. फार तर पाटावरच्या दादाला पेपरमागून उठवून त्याच्या हातात सुई देईन.

पल्लवी बघेल आणि म्हणेल, काका, आई किती जाड दिसते. म्हणू दे.

तुला मात्र जायच्या आधी सांगून ठेवतो. बगलेत आणि कमरेला, दोन्हीकडं आत कापड सोडलंय. बरं वाटलं, अंग भरलं, तर उसवून घे.